भिंतीवरचा अर्धा टीव्ही: एका जेनकिन्स प्लगिनमधल्या एक्सएसएसचं प्रकरण

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास चहाचे कप ठेवता ठेवता पँट्रीतले मामा म्हणाले, "ताई, टीव्ही बिघडलाय का? खालचं काहीच दिसत नाहीये."

बाणेरमधल्या आमच्या ऑफिसात बिल्ड टीमच्या भिंतीवर एक टीव्ही लावलेला आहे. त्यावर दिवसभर जेनकिन्सचा डॅशबोर्ड चालू असतो. जेनकिन्स म्हणजे कोडमधून प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आपोआप तयार करणारं सॉफ्टवेअर; अशी प्रत्येक तयारी म्हणजे एक बिल्ड. कोणता बिल्ड हिरवा, कोणता लाल, शेवटचं कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) कोणाचं, त्याच्या मेसेजमध्ये काय लिहिलंय, एवढंच. त्या सकाळी वरच्या चार ओळी ठीक होत्या, पाचवी वाक्याच्या मध्येच तुटलेली, आणि तिच्याखाली नुसती पांढरी जागा. पान पुन्हा लोड केलं, तेच. माझ्या लॅपटॉपवर उघडलं, तिथेही तेच.

कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये जाऊन ते कमिट काढलं. आमच्याकडे नुकत्याच रुजू झालेल्या फ्रंटएंडच्या मुलीने आदल्या रात्री केलेलं. मेसेज इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा: 'लॉगिन पानावरचा जुना <स्क्रिप्ट> टॅग काढला'. मेसेज अगदी बरोबर होता. तिने खरोखरच तो टॅग काढला होता आणि जे केलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण डॅशबोर्डने ते वाक्य जसंच्या तसं पानात ओतलं. कोनी कंसातला तो शब्द दिसताच ब्राउझरने समजून घेतलं की इथून प्रोग्रॅम सुरू झाला, आणि पुढे जिथे बंद करणारा टॅग सापडला तिथपर्यंतचं सगळं पान त्याने प्रोग्रॅम म्हणून गिळलं. म्हणून खाली पांढरं.

हा दिसण्यातला दोष नाही, हे लक्षात यायला मला मिनिटभर लागलं. एका चांगल्या मुलीने सहज लिहिलेल्या मजकुराला ब्राउझर प्रोग्रॅम समजला. मग वाईट हेतूने, नीट विचार करून लिहिलेला मजकूर त्याच जागी आला तर तोही चालणारच. एक्सएसएस (क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग) म्हणतात तो हाच दोष. आणि हे पान रोज सकाळी कोण उघडतं? मी उघडते, माझे दोन सहकारी उघडतात. तिघंही जेनकिन्सचे अ‍ॅडमिन.

आमच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी इतकी का हादरले ते कळणार नाही. चाकण आणि भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मशीनशेजारी जे छोटे संगणक बसवलेले असतात, त्यांच्यातल्या काहींवर आमचा प्रोग्रॅम चालतो. नवी आवृत्ती आमच्या जेनकिन्सवर तयार होते, तिथेच तिच्यावर डिजिटल सही होते आणि तिथूनच ती कारखान्यात जाते. मशीन फक्त सही तपासतं. सही बरोबर असेल तर आत जे काही आहे ते मशीन मान्य करतं. म्हणजे जेनकिन्सचा अ‍ॅडमिन ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्या मशीनसुद्धा.

तीन वर्षं डोळ्यांसमोर

त्या दिवशी दुपारी आम्ही जुने डॅशबोर्ड उघडून बसलो आणि मला खरं वाईट वाटलं ते तेव्हा. खुणा पहिल्यापासून होत्या.

आमचं बरंचसं काम जावात आहे. जावात 'लिस्ट<स्ट्रिंग>' किंवा 'मॅप<स्ट्रिंग, इंटिजर>' असं सर्रास लिहितात आणि कमिटच्या मेसेजमध्येही ते येतं. डॅशबोर्डवर अशा ठिकाणी नुसतं 'लिस्ट' आणि नुसतं 'मॅप' दिसायचं. कंसातलं नाव हा ब्राउझरला एखादा अनोळखी टॅग वाटायचा आणि अनोळखी टॅग तो मुकाट्याने गिळून टाकतो. दोघांनी मिळून कोड लिहिला की कमिट मेसेजच्या शेवटी सहलेखकाची ओळ लिहितात: नाव, आणि कोनी कंसात ईमेल. आमच्या डॅशबोर्डवर सहलेखकाचं नाव दिसायचं, ईमेल कधीच दिसायचा नाही. मला वाटायचं, जागा वाचवण्यासाठी कोणीतरी मुद्दाम गाळला असेल. असं वाटणारी मी एकटी नव्हते. तीन वर्षं आम्ही पंधरा-वीस जण हे रोज बघत होतो.

म्हणून आता कोणी मला विचारलं की आपल्या डॅशबोर्डात असा दोष आहे का हे पटकन कसं ओळखायचं, तर मी आधी हेच सांगते: कोनी कंसातला मजकूर कुठे गायब होतोय का, ते बघा. त्याला हॅकिंग यावं लागत नाही.

प्लगिनच्या आत

जेनकिन्सची पार्श्वभूमी थोडक्यात. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 'हडसन' नावाने हा प्रकल्प सुरू केला, २००५ मध्ये तो बाहेर आला. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये त्याचं जेनकिन्स झालं. त्याचं बळ प्लगिनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे आणि जोखीमही तिथेच. पानं दाखवायला तो जेली नावाची जुनी टेम्प्लेट-भाषा वापरतो. जेली फाइलच्या माथ्यावर 'एस्केप-बाय-डिफॉल्ट' सुरू करणारी एक ओळ लिहिली की आत येणारा मजकूर आपोआप एस्केप होतो. म्हणजे कोनी कंस पानात कंस म्हणूनच दिसतो, ब्राउझरला तो आज्ञा वाटत नाही. ही ओळ राहून गेली तर प्लगिन तयार करताना चालणारी एक ठरावीक चाचणी नापास होते.

आमचं डॅशबोर्डचं प्लगिन घरचंच होतं. फाइल उघडली तर ती ओळ व्यवस्थित होती. चाचणीही पास. मग दोष कुठे?

सात ओळी खाली 'जे-आउट' होतं. हा जेलीतला असा टॅग आहे की त्याला दिलेला मजकूर तो कच्चाच छापतो, माथ्यावर काहीही लिहिलेलं असो. वरच्या दाराला कुलूप आणि ही मागची खिडकी. कमिटचा पूर्ण मेसेज त्याच खिडकीतून येत होता.

हे लिहिणारे सर आता दुसरीकडे असतात. त्यांच्यावर बोट ठेवायचं नव्हतं, कारण समजून घ्यायचं होतं. संध्याकाळी फोन लावला. (तिकीट म्हणजे प्रत्येक कामाची किंवा दोषाची नंबर दिलेली नोंद.)

"अहो सर, डॅशबोर्डवरचा तिकिटाचा दुवा आठवतोय का तुम्हाला?"

"आठवतोय की. टेस्टिंगवाल्यांना मेसेजमधल्या तिकीट नंबरवर क्लिक करून थेट तिकिटावर जायचं होतं. नंबर शोधून त्याची लिंक केली, पण एस्केपमुळे लिंकचा कोडच पानावर उमटायला लागला. मग जे-आउट टाकलं." जरा थांबून त्यांनीच विचारलं, "कोणी वापरलं का ते?"

"अजून तरी काही सापडलं नाहीये."

"बदल केलास की मला पाठव. मी वाचतो."

त्यांनी खरंच वाचला, रात्री साडेअकराला दोन सूचनाही पाठवल्या.

या एका उत्तरात या प्रकारच्या बहुतेक दोषांची जन्मकथा आहे, असं माझं ठाम मत झालंय. एस्केप करायचं विसरतात असं नसतं. एस्केप केल्यावर हवी असलेली एखादी गोष्ट मोडते, म्हणून ते काढून टाकतात. लिंक, रंग, ठळक अक्षर, काहीतरी. आणि एका लिंकसाठी अख्ख्या मेसेजची राखण जाते.

वास्तविक याची सोय जेनकिन्समध्ये तयार आहे. 'चेंजलॉग-अ‍ॅनोटेटर' नावाचा एक्स्टेंशन पॉइंट, म्हणजे आपला कोड जोडायची ठरवून दिलेली जागा, आहे. त्यात मूळ मजकूर आणि आपण लावलेल्या लिंका वेगवेगळ्या सांभाळल्या जातात, छापताना मजकूर एस्केप होतो आणि लिंका शाबूत राहतात. आमची दुरुस्ती तेवढीच होती. हाताने केलेली शोधाशोध काढली, तिकिटाचा नियम अ‍ॅनोटेटरमध्ये टाकला, आणि टेम्प्लेटमध्ये कच्च्या मेसेजऐवजी 'अ‍ॅनोटेटेड' मेसेज मागितला. बुधवारी दुपारी नवी आवृत्ती लागली. टीव्हीवर पाचव्या ओळीत आता टॅग कंसांसकट, अक्षरशः दिसत होता.

"पण पुश करणाऱ्याला कोड चालवता येतोच की"

दुरुस्ती सोपी गेली, पटवणं अवघड गेलं. बैठकीत आमच्या एका अनुभवी सहकाऱ्याने रास्त प्रश्न विचारला: "ज्याला कमिट पुश करता येतं त्याच्या हातात जेनकिन्सफाइल असतेच. बिल्डमध्ये त्याला हवं ते चालवता येतं. मग मेसेजमधून हल्ला करायची त्याला गरजच काय?"

(पुश म्हणजे कमिट सगळ्यांच्या सामायिक गिटवर पाठवणं, आणि जेनकिन्सफाइल म्हणजे बिल्डमध्ये काय काय चालवायचं ते सांगणारी फाइल.) प्रश्न नीट होता, म्हणून उत्तरही नीट द्यावं लागलं. आमच्याकडे बिल्ड एजंटवर, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या संगणकांवर चालतात; कंट्रोलरवर, म्हणजे जेनकिन्सच्या मुख्य सर्व्हरवर नाही. कंट्रोलरवर बिल्ड चालवायच्या जागा (एक्झिक्युटर) शून्य ठेवलेल्या आहेत. त्या एजंटवर त्या प्रकल्पापुरती क्रेडेन्शियल्स (पासवर्ड, किल्ल्या) पोचतात. इंटर्नच्या प्रकल्पाचा बिल्ड रिलीजची सही करू शकत नाही, कारण सहीची किल्ली त्याच्या फोल्डरमध्येच नाही. ही भिंत आम्ही कष्टाने उभी केली होती. अ‍ॅडमिनच्या ब्राउझरमध्ये परका प्रोग्रॅम चालला की ही भिंत मधून ओलांडली जाते. अ‍ॅडमिनला 'स्क्रिप्ट कन्सोल' नावाचं पान असतं, तिथे लिहिलेला ग्रूव्ही कोड थेट कंट्रोलरवर चालतो, आणि कंट्रोलरवर सगळ्या फोल्डरांची क्रेडेन्शियल्स उलगडता येतात.

"पण क्रम्ब असतो ना?" दुसऱ्याने विचारलं. क्रम्ब म्हणजे बाहेरच्या साइटवरून खोट्या विनंत्या येऊ नयेत म्हणून जेनकिन्स देतो ती खूण. बाहेरच्यासाठी ती उपयोगी आहेच. आपला घुसखोर मात्र त्याच पानाच्या आत बसलेला असतो, ती खूण त्याला तिथेच वाचता येते. लॉगिनच्या कुकीला 'एचटीटीपी-ओन्ली' (पानातल्या प्रोग्रॅमने ती वाचू नये अशी खूण) लावलेलं असलं तर कुकी चोरता येत नाही, हेही खरं. पण चोरायची गरजच नसते, सगळं अ‍ॅडमिनच्याच चालू सेशनमधून (लॉगिनमधून) घडतं.

शब्दांनी पटेना, तेव्हा चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर करून दाखवलं. इंटर्नला असतात तेवढेच हक्क असलेल्या खात्यातून एक कमिट केलं. मग आमच्या इंजिनिअरिंग प्रमुखांना अ‍ॅडमिन खात्याने डॅशबोर्ड उघडायला सांगितलं. त्यांनी उघडला. पानावर काहीही हललं नाही, काही चमकलं नाही, टीव्हीसारखं अर्धं पान गायबही झालं नाही. ते म्हणाले, "काही झालंच नाही." मी कंट्रोलरचा लॉग उघडला. त्यात आम्ही ठरवलेली एक ओळ होती, वेळ दोन सेकंदांपूर्वीची, नाव त्यांचं.

त्यानंतर बजेटचा प्रश्न आला नाही.

इथे एक गोष्ट नोंदवते. असा दोष घरच्या, घाईत लिहिलेल्या प्लगिनमध्येच असतो असं कोणी समजू नये. मार्च २०२३ मध्ये खुद्द जेनकिन्सच्या प्लगिन मॅनेजरमध्ये असाच दोष जाहीर झाला; सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-२७८९८. एखादं प्लगिन आपल्या जेनकिन्सला चालणार नाही हे सांगणाऱ्या संदेशात, त्या प्लगिनने मागितलेला जेनकिन्सचा आवृत्ती-क्रमांक एस्केप न करता छापला जात होता. आवृत्तीचा आकडा! त्यातून कोणी प्रोग्रॅम पाठवेल असं सहसा मनात येत नाही. शोधणाऱ्यांनी त्याला 'कोअरप्लेग' म्हटलं.

मागे वळून शोध

आता खरा प्रश्न: गेल्या काही वर्षांत कोणी हे वापरलं होतं का? याचा फायदा एवढाच की इथे हल्ल्याचं हत्यार म्हणजे कमिटचा मेसेज, आणि मेसेज गिटमध्ये राहतो. सगळ्या ब्रँचांचा (कोडच्या समांतर फांद्यांचा) इतिहास काढला आणि कोनी कंस असलेले मेसेज वेगळे केले. ढीग निघाला, पण जवळजवळ सगळे सहलेखकांचे ईमेल आणि जावातले प्रकार. ते गाळल्यावर उरलेले आम्ही दोघींनी बसून डोळ्यांनी वाचले.

फोर्स-पुश करून कोणी इतिहास पुसला असला तर? त्यासाठी जेनकिन्सकडे गेलो. प्रत्येक बिल्डच्या फोल्डरमध्ये त्या वेळच्या बदलांची फाइल असते आणि गिटमधून कमिट गेलं तरी ती तिथे राहते. तीही चाळली. काही सापडलं नाही. मात्र जुने बिल्ड ठरावीक दिवसांनी पुसले जातात, त्यांच्याबद्दल मी छातीठोक बोलू शकत नाही. स्क्रिप्ट कन्सोलकडे गेलेल्या विनंत्या जेनकिन्सच्या पुढे बसवलेल्या प्रॉक्सी सर्व्हरच्या लॉगमध्ये तपासल्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आमच्याकडे तेवढेच होते. त्या काळातली प्रत्येक विनंती कोणी आणि का केली ते लावता आलं. घुसखोरीचा पुरावा निघाला असता तर त्याच निर्देशांनुसार ६ तासांत कळवायचं होतं. त्याचा मसुदा आम्ही शोध सुरू करण्याआधीच लिहून ठेवला होता. ऐन वेळी सहा तासांत शब्द सुचत नाहीत.

क्रेडेन्शियल्स तरीही सगळी बदलली. सहीची किल्ली जेनकिन्समधून काढून हार्डवेअर टोकनवर (वेगळ्या छोट्या उपकरणावर) नेली. हे काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

अजून दोन जागा

एक धागा ओढला म्हणून बाकीचं कापडही तपासलं. तीस-चाळीस प्लगिन होती. जेनकिन्सच्या सुरक्षा सूचनांशी ताडून पाहिल्यावर काही जुनी निघाली, ती अद्ययावत केली. एकाच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की यावर दुरुस्ती उपलब्ध नाही. असं प्लगिन मी ठेवत नाही. आमच्याकडे त्याचा उपयोग एका रंगीत पट्टीपुरता होता.

घरच्याच दुसऱ्या प्लगिनमध्ये जे सापडलं ते मात्र शिकण्यासारखं. त्यात प्रत्येक ब्रँचपुढे 'पुन्हा चालवा' असं बटण होतं, आणि बटणाच्या 'ऑनक्लिक'मध्ये (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये) ब्रँचचं नाव एकेरी अवतरणात घातलेलं. इथे एस्केप सुरू होतं, जे-आउट नव्हतं. तरीही भोक होतं. कारण एचटीएमएलसाठी एस्केप केलेलं अवतरणचिन्ह ब्राउझर ऑनक्लिक चालवण्याआधी पुन्हा मूळ रूपात आणतो, मग जावास्क्रिप्टला ते खरं अवतरणचिन्ह म्हणूनच मिळतं आणि वाक्य तिथे संपतं. पुढचा मजकूर आज्ञा होतो. ब्रँचच्या नावात असली चिन्हं येतील कशी, असं मलाही वाटलं होतं. गिटचे नियम पाहिले. स्पेस, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, चौकोनी उघडा कंस, उलटी तिरकी रेघ यांना तिथे बंदी आहे. अवतरणचिन्हांना नाही, कोनी कंसांनाही नाही. नाव आता बटणाच्या 'डेटा' अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवलंय आणि वेगळ्या फाइलमधला कोड तिथून ते वाचतो.

दुसरी जागा मला जास्त लागली. चाचण्यांचे एचटीएमएल रिपोर्ट जेनकिन्सवर ठेवतात. बिल्डने तयार केलेल्या अशा फाइलीतले प्रोग्रॅम चालू नयेत म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये, १.६४१ आणि एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) १.६२५.३ या आवृत्त्यांपासून, जेनकिन्स त्यांच्यासोबत कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे पानावर काय चालू द्यायचं याचा ब्राउझरला दिलेला नियम, पाठवतो. त्यामुळे रिपोर्टातले आलेख आणि घड्या (क्लिक केल्यावर उलगडणारे भाग) उघडत नाहीत. आमच्या सुरुवातीच्या ग्रूव्ही फाइलीत एका ओळीने ती पॉलिसी रिकामी केलेली होती. वर टिप्पणी: 'रिपोर्टचे रंग दिसत नाहीत म्हणून'. इंटरनेटवर हा उपाय सगळीकडे मिळतो आणि तो चालतो, हीच त्यातली अडचण. त्या एका ओळीने कुठल्याही बिल्डने बनवलेली कुठलीही फाइल जेनकिन्सच्याच पत्त्यावरून, अ‍ॅडमिनच्या सेशनमध्ये प्रोग्रॅम चालवू शकत होती. म्हणजे कमिट मेसेजची खिडकी बंद केली तरी हा दरवाजा सताड उघडाच.

ती ओळ मी गुरुवारी काढली. शुक्रवारी सकाळी टेस्टिंगच्या दोघी माझ्या टेबलाशी. "ताई, रिपोर्ट मोडले. रिलीज सोमवारी आहे." त्यांचं चुकत नव्हतं. चारशे चाचण्यांतल्या कोणत्या पडल्या हे घड्या न उघडता बघणं म्हणजे शिक्षाच. पण ओळ परत टाकायला मी नाही म्हटलं. त्यांना कारण सांगितलं, मंगळवारचं कमिट दाखवलं. त्यातली एक म्हणाली, "मग आम्ही वाचायचं कसं ते तरी सांगा." हा प्रश्न मी ओळ काढण्याआधी स्वतःला विचारायला हवा होता.

उत्तर जेनकिन्समध्ये आहे. २.२०० पासून 'रिसोर्स रूट यूआरएल' देता येतो: रिपोर्ट वेगळ्या पत्त्यावरून येतात, त्यांतले प्रोग्रॅम चालतात, पण त्या पत्त्यावर अ‍ॅडमिनचं सेशनच नसतं, त्यामुळे त्यांच्या हाती काही लागत नाही. त्यासाठी वेगळं डोमेन नाव आणि प्रमाणपत्र लागतं. नेटवर्कच्या टीमकडे विनंती गेली, मंजुरीला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस त्या दोघी रिपोर्ट झिप करून उतरवायच्या आणि आपापल्या लॅपटॉपवर उघडायच्या. सोमवारचं रिलीज त्यांनी तसंच, रात्री नऊपर्यंत बसून तपासून दिलं.

मी माझं खातं दोन केलंय. रोजचं साधं, आणि अ‍ॅडमिनचं वेगळं, जे वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये फक्त कामापुरतं उघडते. बाकी दोघांपैकी एकाने केलंय, एकाचं व्हायचंय.